लेप नावाची मासळी

धाराशिवमध्ये ‘लेप’ म्हटले की गुडघ्यावर लावायचे औषध आठवते. कोकणात मात्र लेप ही जिभेच्या आकाराची चपटी मासळी आहे. खाडीच्या मुखाशी, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात ती तळच्या चिखलाला बिलगून असते. पिल्लू असताना तिचे डोळे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा सरकत दुसऱ्याच्या शेजारी येतो आणि मग ती जन्मभर एका कुशीवर जगते.

माझ्या रुग्ण असलेल्या एक आजी मूळच्या मालवणकडच्या. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचे जेवण तुटले. पाच महिन्यांत वजन ४८ किलोंवरून ४२ वर आले. सूनबाई पेज, मऊ भात, वरण करून थकल्या. आजींचे एकच पालुपद, ‘लेपी गावली तर बघ गो.’

घरच्यांना तो हट्ट वाटे. मला त्यात शहाणपण दिसले. वयोमानाने वास व चव मंदावतात, तेव्हा ओळखीची चवच भूक जागवते. शिवाय लेपेचे मांस मऊ असते आणि मधल्या काट्यावरून सहज सुटते. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. आजारातून उठणाऱ्या वृद्धांना बहुधा अधिक लागतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

त्याआधी गिळण्याची तपासणी हवी. पाण्याच्या घोटाने ठसका लागणे, जेवल्यावर आवाज घरघरीत होणे ही धोक्याची चिन्हे. कधी ठसक्याविनाही अन्न श्वासमार्गात उतरते, म्हणून झटक्यानंतर ही तपासणी टाळू नये. रुग्णाला ताठ बसवून लहान घास द्यावेत, नंतर अर्धा तास आडवे करू नये. काटे बोटांनी चाचपूनच काढावेत, नुसत्या चष्म्यावर विसंबू नये. काटा घशात अडकला तर भाताचा गोळा वा केळे गिळायला लावू नये. थेट रुग्णालय गाठावे.

लेप इथे रोज कोठून मिळणार? आम्ही मरळीवर भागवले. रोहूच्या मांसात रुतलेले बारीक काटे असतात, तसे मरळीत नसतात. ‘लेपीची सर नाय,’ असे म्हणत आजींनी वाटी संपवली. चिलापीही चालते. आठवडी बाजारातले सुकट, बोंबील मात्र रक्तदाबाच्या रुग्णांनी दूरच ठेवावेत. त्यांतील मीठ धुऊनही पुरते जात नाही.