गॅलिलिओचे मोठे भांडे

मुळशीचा पाऊस मैदान अडवी, तेव्हा आम्ही गॅलिलिओचा १६३८ सालचा ग्रंथ इंग्रजी भाषांतरातून वाचत असू. तो संवादरूप, सुत्तांची सवय असलेल्या आम्हांस परका वाटला नाही. उताराचा पाव भाग गोळा निम्म्या वेळात उतरतो, असे त्यात आहे. वेळ मोजायचा तो भांड्यातून बारीक धारेने पडलेले पाणी तोलून. कालाम सुत्त शिकलेल्यांनी केवळ ग्रंथात आहे म्हणून ते कसे मानावे? खाच पाडलेली फळी तिरकी ठेवली, जुन्या तांब्याला छिद्र पाडले. हिशेब जुळेना. तांब्यातील पाणी उतरे तशी धार मंदावे. गॅलिलिओने भांडे मोठे घेतले, ते उगीच नव्हे! मग स्वयंपाकघरातील तोटीचे पिंप आले. आणि पाव उताराचे पाणी, दोन-चार थेंबांच्या फरकाने, पूर्ण उताराच्या निम्मे भरले.