‘सेट’चा संसार

शब्दकोश हा चाळावयाचा ग्रंथ आहे, वाचावयाचा नव्हे, असा सर्वसाधारण समज असतो. तो खोटा ठरवणारे काही शब्द प्रत्येक भाषेत असतात. इंग्रजीतील ‘सेट’ हा असाच एक शब्द. तीन अक्षरांचा, शाळेच्या पहिल्या पुस्तकात भेटणारा आणि अर्थ विचारण्याची गरज कोणाला भासू नये इतका ओळखीचा. 1989 साली वीस खंडांत निघालेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र या एका क्रियापदाची नोंद सुमारे 60,000 शब्दांची आहे आणि तिच्यात 430 च्या आसपास अर्थ नोंदवलेले आहेत. त्या आवृत्तीतील ही सर्वांत दीर्घ नोंद. पुढे सुधारित आवृत्तीचे काम चालू असताना ‘रन’ने, म्हणजे आपल्या ‘धावणे’च्या इंग्रजी भावंडाने, 645 अर्थ जमवून हा मान पटकावला. तरीही ‘सेट’ची कथा मराठी वाचकाला अधिक जवळची वाटावी, असे तिच्यात काही आहे.

या शब्दाचे मराठीकरण करू पाहणाऱ्याला प्रथम जाणवते ते हे, की त्याच्याजवळ एक प्रतिशब्द नाही; अनेक आहेत. हाडवैद्य निखळलेले हाड बसवतो, सोनार हिरा कोंदणात बसवतो. शिकारी सापळा लावतो, संगीतकार पदाला चाल लावतो. जुळारी खिळे जुळवतो. गृहिणी पाने घेते, पुरोहित मुहूर्त काढून देतो, परीक्षक प्रश्नपत्रिका काढतो. दही लागते, सूर्य मावळतो. इंग्रजीत या साऱ्या ठिकाणी ‘सेट’ चालतो. मोल्सवर्थने आरंभिलेल्या आणि कँडीने 1847 मध्ये सिद्धीस नेलेल्या इंग्रजी-मराठी कोशापासून आजपर्यंत प्रत्येक कोशकाराला अशा शब्दांपुढे प्रतिशब्दांची रांग मांडावी लागली, ती यामुळेच.

मग या 430 अर्थांना एकत्र बांधणारे सूत्र कोणते? त्याचे उत्तर व्युत्पत्तीत आहे. ‘सेट’ हे मूळचे प्रयोजक क्रियापद होय. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. दोहोंच्या मागे असलेला आद्य धातू संस्कृतात ‘सद्’ या रूपाने वावरतो. संसद, परिषद, उपनिषद, सदन ही त्याचीच संतती. ‘सादयति’ आणि ‘सेट’ यांची घडणही एकच आहे. वस्तूला तिची जागा द्यावयाची आणि तिने तेथे स्थिरावावयाचे, हा त्या साऱ्या अर्थांचा गाभा. जुन्या इंग्रजीत मावळता सूर्यदेखील आपल्या आसनाकडे जात असे. इंग्रजीत आज हे प्रयोजकत्व बोलणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. मराठीत ‘बसणे-बसवणे’ हे नाते लहान मुलालाही कळते, यद्यपि आपले ‘बसणे’ हे ‘सद्’पासून नव्हे, तर ‘उपविश्’पासून आलेले आहे.

नामरूपातील ‘सेट’, म्हणजे आपण ज्याला ‘संच’ म्हणतो, त्याचे कूळ वेगळे. तो लॅटिनमधील ‘अनुसरणे’ या अर्थाच्या धातूतून फ्रेंचमार्गे आला आणि क्रियापदाच्या सहवासात त्याच्यासारखाच दिसू लागला. त्या लॅटिन धातूचा संस्कृत सोयरा ‘सच्’ हा आहे. ‘संच’शी त्याचे ध्वनिसाम्य केवळ योगायोगाचे. ‘संच’ हा ‘सम्’ आणि ‘चि’ यांतून घडला. दोन भिन्न कुळांतील शब्द एका घरात नांदू लागले की परके कोण आणि सख्खे कोण, हे भाषक विसरतो. कोशकाराला मात्र ते विसरून चालत नाही.

इंग्रजीच्या या अर्थबाहुल्याचे नवल करताना आपल्या घरातील ‘लागणे’कडे दुर्लक्ष होऊ नये. भूक लागते, दिवा लागतो, ठेच लागते, पैसे लागतात, नोकरी लागते, निकाल लागतो, वेड लागते. उसाची लागण होते आणि रोगाचीही लागण होते. ‘लग्न’ हाही त्याच ‘लग्’ धातूचा परिवार. तेव्हा अर्थबाहुल्य हा भाषेचा दोष नव्हे, तिच्या दीर्घ वापराची ती खूण होय. रोजच्या व्यवहारात ज्या शब्दावर भार पडतो, तोच बहुप्रसव होतो.

चिंतेचे कारण वेगळेच आहे. गजर सेट करणे, टेबल सेट करणे, केस सेट करणे, तारीख सेट करणे ही मराठी आता घरोघर ऐकू येते. इंग्रजीतला ‘सेट’ आपले अर्थ पुढेमागे येणाऱ्या अव्ययांनी आणि संदर्भांनी वेगळे राखतो. मराठीत तो आला तो एकटा, ‘करणे’चा हात धरून, आणि लावणे, बसवणे, मांडणे, जुळवणे, जडवणे या साऱ्यांची जागा त्याने घेतली. या प्रत्येक क्रियापदात हाताची एक वेगळी हालचाल आहे. ती हालचाल ‘सेट करणे’त उरत नाही. ‘सेट’ असलेली दहा इंग्रजी वाक्ये वर्गात अनुवादासाठी देऊन पाहावीत. कोणती क्रियापदे विद्यार्थ्यांना अजून आठवतात, हे कळून येईल.

अर्थात सारा दोष इंग्रजीच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. संगणकावर अक्षरजुळणी होऊ लागली, तेव्हा खिळे जुळवणारा जुळारी गेला आणि त्याचा शब्दही गेला. व्यवसाय बुडाला की त्याची परिभाषा फार काळ तग धरीत नाही. शिवाय मराठीनेही या पाहुण्याला आपल्या परीने घडवले आहे. ‘मुलगा पुण्यात सेट झाला’ यातील समाधान आणि ‘सेटिंग लावली’ यातील काळेबेरे हे मराठी समाजाने आपल्या अनुभवातून त्या शब्दात भरलेले अर्थ आहेत. दुसऱ्या प्रयोगात तर ‘सेटिंग’लाही चालण्यासाठी अखेर ‘लावणे’चाच आधार घ्यावा लागला.

म्हणून प्रश्न शुद्धतेचा नाही, निवडीचा आहे. ज्याच्याजवळ ‘बसवणे’ आणि ‘जुळवणे’ दोन्ही आहेत, तो ‘सेट करणे’ म्हणाला तर ती त्याची निवड ठरते. ज्याच्याजवळ ती नाहीत, त्याला निवडच नाही. ‘सेट’ नावाची परीक्षा उत्तीर्ण होऊन अध्यापक झालेली व्यक्ती पुढे प्रश्नपत्रिका ‘काढते’, असे महाविद्यालयांत अजूनही म्हटले जाते. जोवर हे क्रियापद तिच्या तोंडी आहे, तोवर उरलेली क्रियापदे विद्यार्थ्यांच्या हाती देण्याचे कामही तिच्याकडेच आहे.