शेरा : अनियमित

पस्तीस वर्षं मी भूगोल शिकवला. अलिबाग तालुक्यातली शाळा, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. फळ्यावर नदी काढावी तर ह्यांनीच, असं शिक्षकांच्या खोलीत म्हणत. रंगीत खडूंनी ती उगमापासून मुखापर्यंत उतरायची. वाटेत धबधबा, नागमोडी वळणं, पूरमैदान, आणि शेवटी निळ्या-तपकिरी रेघांची खाडी. मुलं ती वहीत उतरवून घेत. 'खाडी म्हणजे काय?' हा प्रश्न दोन गुणांना हमखास असायचा.

एवढ्या वर्षांत एकाही वर्गाला मी खरी खाडी दाखवली नाही. राहून गेलं, असं म्हणायची सोय नाही. तीनदा विषय निघाला आणि तीनदा मीच तो मोडला.

मी अलिबाग गावातला. आमच्या लेखी समुद्र म्हणजे किनाऱ्यावरची संध्याकाळ आणि समोरचा कुलाबा किल्ला. ओहोटीला तिथे पायी जाता येतं, हे पाहुण्यांना आम्ही अशा थाटात सांगायचो की जणू ओहोटी आमच्या घरचीच. खाडी म्हणजे मागची बाजू. चिखल, तिवरं, डास, वाळत घातलेल्या मासळीचा वास. पुढची पडवी आणि मागची मोरी, तसा फरक. आणि त्या बाजूने शाळेत येणाऱ्या मुलांबद्दलही माझं एक मत होतं. कोळीवाड्यातली पोरं मनाने चांगली, पण अभ्यासात लक्ष नाही, वेळेचं भान नाही. हे मी कधी मोठ्याने बोललो नाही. बोललो असतो तर कुणी टोकलं तरी असतं.

सहलींचा मला कंटाळा होता असंही नाही. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत दरवर्षी वर्ग घेऊन जायचो. मुंबईत विजेच्या ट्राम आल्या तर चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ साली ते काम कुलाब्याहून इथे आलं, ही गोष्ट मी फार रंगवून सांगायचो. तिथली जमीन स्वच्छ होती. कुणाचे बूट खराब होत नव्हते.

खाडीचा विषय काढला तो आमच्याकडे विज्ञानाला आलेल्या एका तरुण बाईंनी. सुट्टीत त्या वेंगुर्ल्याला जाऊन आल्या होत्या. तिथे मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या महिला २०१७पासून कांदळवनाची सफर घडवतात. होडी त्याच वल्हवतात आणि तिवरांच्या जातीही त्याच ओळखून दाखवतात. बाई भारावून सांगत होत्या. अमेरिकेत पीट सीगर नावाच्या गायकाने हडसन नदीसाठी 'क्लिअरवॉटर' नावाचं शिडाचं जहाज उभं केलं, १९६९पासून ते पाण्यात आहे आणि शाळेची मुलं त्यावर बसून नदी शिकतात, हेही त्यांनी सांगितलं. "सर, आपल्याकडे तर कुंडलिका दारात आहे. रेवदंड्याहून अर्धा दिवस पुरे."

मी पर्यवेक्षक होतो. म्हणालो, "बाई, ती हडसन. इथे चिखलात काय दाखवणार?" त्या गप्प बसेनात, तेव्हा मी 'रामदास' काढली.

आमच्या भागात हे नाव घेतलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. माझा थोरला मामा त्यात होता. आजी त्यानंतर कधी बोटीत बसली नाही, आम्हालाही बसू दिलं नाही. ही गोष्ट खरी आहे आणि ती भीतीही खरी आहे. पण बाईंनी लाइफ जॅकेटांची सोय बघून ठेवली होती, नोंदणी असलेली होडी ठरवली होती, दिवस थंडीतले निवडले होते. माझ्या भीतीला उत्तर मिळालं होतं, तरी मी नाहीच म्हणालो. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. न पाहिलेल्या मामाला मी तीनदा ढालीसारखं पुढे धरलं.

ढालीमागे जे होतं ते आता लिहितो. मला धास्ती होती की होडीत बसल्यावर मुलं काहीतरी विचारतील, मला ते येणार नाही, आणि ते तिसऱ्या बाकावरच्या कोळ्याच्या पोराला येत असेल.

मी निवृत्त झालो आणि शाळेने बाईंना परवानगी दिली. एका वर्षी त्यांचा फोन आला. "सर, इतिहास तुम्ही सांगा ना, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही." एवढं लोणी पुरलं.

पौष वद्य पंचमी होती. तिथी तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हती. ऊन चढायच्या आत आठला निघू, असं मी सुचवलं होतं. नाखव्याने निरोप पाठवला, पावणेदहाशिवाय जमणार नाही. मनात म्हटलं, झालं, यांची वेळ आणि यांचा वक्तशीरपणा.

पावणेदहाला होडी रेवदंड्याच्या बंदरातून सुटली. पाणी पार उतरलेलं. दोन्ही काठांना चिखल चकाकत होता, त्यावर निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या आणि एक बगळा इतका स्थिर उभा होता की मुलांनी तो खरा की खोटा यावर पैज लावली. उजवीकडे रेवदंड्याचा कोट, डावीकडे कोर्लईची डोंगरसोंड. नाळ समुद्राकडे. मला सूर सापडला. चौलचं प्राचीन बंदर, टॉलेमीच्या भूगोलातला त्याचा उल्लेख, पंधराव्या शतकात इथे उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन, कोर्लई गावात आजही घरात बोलली जाणारी पोर्तुगीज वळणाची बोली. मग माझा हातखंडा विषय. मार्च १५०८, चौलची लढाई. एका बाजूला पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा, दुसऱ्या बाजूला इजिप्तचा अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाझ. लोरेन्सोच्या जहाजाला तोफगोळ्याने भोक पडलं, पाणी शिरू लागलं, निसटून जाताना जहाज मासेमारीच्या खुंटांत अडकलं आणि तो मारला गेला. पुढच्याच वर्षी बापाने दीवला त्याचा सूड घेतला.

"कसले खुंट?" एका मुलीने विचारलं.

हे वाक्य मी वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. मला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. उत्तर माझ्याकडे नव्हतं. नाखव्याने सुकाणूवरचा हात न काढता हनुवटीने दाखवलं. "ते काय, म्होरं."

पाण्यातून लाकडी खुंट वर आलेले होते. त्यांना जाळी बांधलेली. दोन होड्या तिथे उभ्या होत्या, माणसं वाकून काहीतरी ओढत होती.

"तेच? पाचशे वर्षांपूर्वीचे?"

"ते नाय गो. ते कवाच कुजले. पन पान्याची ओढ जिथं, खुंट तिथंच ठोकनार."

मग त्याने मुलांना डोल समजावली. पिशवीसारखं लांब जाळं, तोंड प्रवाहाकडे. ओहोटीचं पाणी जोरात निघतं आणि मासळी आत भरते. पाणी थांबलं, की तेवढ्या वेळात डोल उचलायची. उशीर केला तर भरतीचं पाणी उलट फिरतं आणि कमाई तोंडातून निघून जाते. पाणी कधी थांबणार हे कसं कळतं, असं मुलांनी विचारलं. तो म्हणाला, तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पुरी. त्याच्या आधी सहा तास, म्हणजे सुकती. आज पाचम. पाच पाऊण किती?

मुलं बोटांवर मोजू लागली. पावणेचार. पावणेचारला भरती. म्हणजे सुकती पावणेदहाला.

सगळ्यांनी घड्याळं पाहिली. मीही पाहिलं. आठला का नाही, याचं उत्तर माझ्या मनगटावर होतं. उद्या साडेदहाला, परवा सव्वाअकराला, असं एक पोरगा पुढे मोजत गेला.

"मंग कसं," नाखवा हसून म्हणाला. "पाचमी-सष्टीला आमची पोरं शाळंत उशिरा. डोल उचलायला बापाला एक हात लागतोच. आठमीला भांग. पान्याला जोर नाय, होडी बंदरात. मंग पोरगा बरोबर टायमावर. मास्तरांना वाटायचं, लहरी हाय."

त्याने हे माझ्याकडे बघून म्हटलं नाही. मला तो ओळखतही नव्हता. बोलता बोलता सहज म्हणाला आणि मुलांना खंड्या दाखवू लागला.

मी मात्र त्या वाक्यापाशीच राहिलो. नव्वदच्या दशकातला माझा नववीचा वर्ग, खिडकीजवळचा एक मुलगा. त्याच्या सदऱ्याला मासळीचा वास यायचा म्हणून मीच त्याला खिडकीशी बसवला होता. शाळा अकराची. काही दिवस तो घंटेआधी हजर असायचा. मग एक दिवस पंधरा मिनिटं उशीर, दुसऱ्या दिवशी तास बुडायचा, तिसऱ्या दिवशी थेट मधल्या सुट्टीनंतर. पुन्हा आठवडाभर वेळेवर. मी त्याला बाकावर उभं केलं, वर्गासमोर विचारलं, "राजे, आज इतक्या लवकर?" वर्ग हसला. तोही हसला. प्रगतिपुस्तकात मी लिहिलं : अनियमित.

आणि त्याच वर्गात, त्याच वर्षी, मी भरती-ओहोटीचा पाठ शिकवला होता. रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा, असं फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. पन्नास मिनिटांनी सरकणारी गोष्ट माझ्यासमोर बाकावर उभी होती.

होडी वळली, भरती लागली, पाण्यानेच आम्हाला साळावच्या पुलाखालून आत नेलं. बाई मुलांना सांगत होत्या की मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि तिथून कुंडलिकेत. एरवी मुळा-भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं असं पाणी रेवदंड्याला अरबी समुद्रात मिळतं. मुळशीचा सत्याग्रह मी बदली तासाला इतिहासात शिकवायचो, कुंडलिका भूगोलात. दोन्ही एकाच पाण्याच्या गोष्टी आहेत, हे मला वयाच्या साठीनंतर होडीत बसल्यावर लक्षात आलं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या पाण्याचं मला काही वाटत नव्हतं. डोळ्यांपुढे ती खिडकी होती.

घरी आल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडली. माझ्या जुन्या दैनंदिन्या मी टाकलेल्या नाहीत. उशिरा येणाऱ्यांची नावं मी तारखेसकट लिहायचो, शिस्तीचा माणूस ना. मोबाइलवर जुन्या तारखांच्या तिथी निघतात. एका बाजूला वही, एका बाजूला मोबाइल, दोन रात्री बसलो. चतुर्थी, पंचमी, षष्ठी. पंचमी, षष्ठी, सप्तमी. शुद्ध पक्षात तेच, वद्य पक्षात तेच. तीन-चार नोंदी कुठेच बसत नव्हत्या, बाकी सगळ्या बसल्या. माझ्या हस्ताक्षरात, लाल शाईत, भरती-ओहोटीचा तक्ता होता. मी त्याला शिस्तभंगाची यादी समजत होतो. वर्गात चंद्राइतकं नियमित एकच मूल होतं, आणि त्याच्या नावापुढे मी उलटा शेरा मारला होता. त्याने दहावीला शाळा सोडली. शेऱ्यामुळे सोडली असं म्हणून मी स्वतःला उगाच मोठा खलनायक करत नाही. पण राहावं असं त्याला वाटेल, यासाठी मी काही केलं नाही, हे नक्की.

त्याला शोधायला वेळ लागला नाही. मीच महिना घालवला. शेवटी एका अष्टमीला, आता तिथी बघून निघतो, कोळीवाड्यात गेलो. तो ओट्यावर जाळं शिवत बसला होता. केस पिकलेले. मला पाहून उठला, पाया पडला, खुर्ची मागवली. मी वही उघडली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तारखा, तिथ्या, पाऊणपट, शेरा. माफी मागतो म्हणालो.

तो वही हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. बायकोला हाक मारून दाखवली. "बघ, बापाच्या डोलीचा हिशोब सरांनी ठेवलाय." मग त्याचं बोट एका नोंदीवर थांबलं.

"सर, ही कुठली तिथी?"

"दशमी. तशा तीन-चार आहेत. त्या काही लागत नाहीत."

तो जाळ्याकडे बघत हसला. "लागतील कशा सर? दशमीला डोल नव्हती."

"मग?"

"पहिल्या तासाला तुमचा भूगोल असायचा."