कोणत्या सालचे पुस्तक?

परिचर्येच्या विद्यालयात नाव दाखल होऊन महिना लोटत नाही तोच गावात आपली गणना जाणत्यांत होऊ लागते. आम्ही वसईच्या तिघी मुंबईच्या वसतिगृहातून सुट्टीला घरी आलो की कोणी ना कोणी ओट्यावर येऊन बसे. कुणाला रक्तदाबाच्या गोळीविषयी विचारायचे असे, कुणाला नातवाच्या जुलाबाविषयी. डॉक्टरांना विचारावयास माणसे संकोचतात. शेजारच्या पोरीपाशी तो संकोच नसतो. ही जबाबदारी आम्ही मागितली नव्हती, पण ती अंगावर आली होती खरी.

आमच्या ग्रंथालयात पुस्तकांची वाण नव्हती. वाण होती ती ताज्या पुस्तकांची. जलसंजीवनीचेच पाहा. एका जाडजूड ग्रंथात लिटरभर पाण्याला मीठ 3.5 ग्रॅम आणि ग्लुकोज 20 ग्रॅम असे प्रमाण दिले होते. बालरुग्ण कक्षातल्या पुडीवर मात्र मीठ 2.6 आणि ग्लुकोज 13.5 ग्रॅम. पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि सायट्रेट 2.9 ग्रॅम, एवढे मात्र दोहोंकडे सारखे. दोन्ही छापील, दोन्ही अधिकृत! तिघींत वाद झाला आणि आम्ही सिस्टर ट्यूटरांकडे गेलो. त्यांनी निवाडा केला नाही. “पुस्तक कोणत्या सालचे आहे ते आधी पाहा,” एवढेच म्हणाल्या.

ग्रंथ 2002 पूर्वीचा निघाला. त्या साली जागतिक आरोग्य संघटनेने हे द्रावण सौम्य केले. क्षार व साखर यांची एकूण तीव्रता 311 वरून 245 मिलिऑस्मोलवर आणली. सौम्य द्रावणाने जुलाब व उलट्या कमी होतात आणि शिरेतून सलाईन लावण्याची पाळी कमी मुलांवर येते, असे चाचण्यांतून दिसले होते. म्हणून जुने ज्ञान टाकाऊ ठरले असे मात्र नव्हे. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले, ते याच तत्त्वावर. तत्त्व टिकले, प्रमाण सुधारले.

तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक टिपणापुढे साल येऊ लागले. पुढे इंटरनेट हाताशी आले. ‘पबमेड’ ही वैद्यकीय निबंधांची सूची 1997 पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे, याचे आम्हांला मोठे अप्रूप वाटले. परंतु त्या कपाटात भक्कम निबंध आणि कच्चे निबंध शेजारीशेजारीच असतात. विद्यार्थिनीने एका निबंधावरून उपचार सांगू नये; आरोग्य संघटनेची वा शासनाची मार्गदर्शिका काढावी, तिचे साल पाहावे आणि वॉर्डातल्या लेखी पद्धतीशी ताडून घ्यावी, असे आमचे मत झाले.

अर्थात मार्गदर्शिका सापडली म्हणजे काम संपले नाही. पुडी नसेल तेव्हा घरी लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा छोटे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे, असे सांगतात. चमचा पाच मिलिलिटरचा, आणि शीग न ठेवता. आमच्याकडच्या एका मावशींनी आपला चमचा पुढे केला, तो कालवण वाढायचा! लिटरभराची अख्खी पुडी एका पेल्यात कालवणारेही आम्ही पाहिले आहेत. एवढे मीठ तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा ग्रॅमचे आकडे वहीत ठेवून आम्ही पेले मोजून दाखवू लागलो.

आणखी एक गोष्ट पाहावी लागते : सांगणारा काही विकतो आहे काय? नावात ‘ओआरएस’ मिरवणारी, पण साखरच जास्त असलेली गोड पेये कित्येक वर्षे औषधांच्या दुकानांत मिळत असत आणि आया ती आजारी मुलांना विश्वासाने पाजत. 2025 च्या ऑक्टोबरात भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ती अक्षरे वापरण्यास मनाई केली. तरीही विचारावयास येणाऱ्यांना आम्ही 2.6 आणि 13.5 हे दोन आकडे कागदावर लिहून देतो आणि पुडीवर तेच शोधावयास सांगतो. अक्षर फार बारीक असते. आज्या ते काम नातवंडांवर सोपवतात.