पाडवा ते पाडवा

चैत्र शुद्ध प्रतिपदेला वऱ्हाडात गुढी उभारली जाते, तेव्हा दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडची काळी जमीन भेगाळून उघडी पडलेली असते. पऱ्हाटी उपटून झालेली असते, तूर आणि हरभरा घरात आलेला असतो, आणि दुपार चढली की उन्हाने गावचे रस्ते ओस पडतात. अशा रित्या शिवाराच्या काठी वेळूच्या काठीला रेशमी वस्त्र, कडुनिंबाचा डहाळा आणि गाठी, म्हणजे साखरेच्या पाकाची माळ, बांधून वर तांब्या उपडा घातला जातो, आणि शालिवाहन शकाचे नवे वर्ष उजाडते. कडुनिंबाचा कोवळा पाला गुळासोबत खाल्ला जातो, पंचांगातील संवत्सरफल, म्हणजे येत्या वर्षाच्या पाऊसपाण्याचे भाकीत, वाचले जाते, आणि रामनवमीपर्यंतचे चैत्री नवरात्र याच दिवशी बसते.

वऱ्हाडी कास्तकाराच्या घरी मात्र पाडव्याचा मोठा व्यवहार पूजेनंतर ओसरीवर होतो. सालगडी, म्हणजे वर्षाच्या ठरीव मेहनतान्यावर शेतात राबणारा माणूस, याचे साल पाडव्याला सुटते आणि नवे सालही पाडव्यालाच धरले जाते. रोख रक्कम, धान्य, आगाऊ उचल हे सारे बहुधा तोंडी ठरते, आणि मागची उचल फिटली नसेल तर ती नव्या सालावर चढते. एका माणसाचे अख्खे वर्ष शब्दावर दुसऱ्याच्या हवाली होते, आणि तो शब्द पाळला जातो, ही या मुलखाची फार मोठी पुंजी आहे.

पंचांगाचे गणित इथे थेट श्रमाला येऊन भिडते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडे असल्यामुळे सण ऋतूंपासून ढळू नयेत म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास, म्हणजेच धोंड्याचा महिना, धरावा लागतो. शके १९४५ मध्ये श्रावण असा दोनदा आला आणि २२ मार्च २०२३ चा पाडवा ते ९ एप्रिल २०२४ चा पाडवा हे साल ३८४ दिवसांचे झाले. घरोघरी जावयाला अनारशांचे वाण देण्याचा तो महिना सालगड्यासाठी निंदण-डवरणीच्या ऐन हंगामातला तेरावा महिना होता. कापसाच्या भावावर तगणाऱ्या कास्तकाराला वाढीव रक्कम जड जाते, हे खरे; तरीही अधिक मासाच्या वर्षी त्या महिन्याचा मेहनताना पाडव्याच्या बोलणीतच वेगळा ठरला पाहिजे.