सीमेवरचा महाराष्ट्र : नंदुरबारकर आपले राज्य कसे सांगतो

१/ महाराष्ट्राची ओळख करून द्यायची म्हटले की बहुतेकांचे बोट सह्याद्रीकडे वळते. नंदुरबारकर मात्र नकाशाच्या वायव्य टोकावर बोट ठेवतो. उत्तरेस सातपुडा आणि नर्मदा, मधून वाहणारी तापी, शेजारी गुजरात व मध्य प्रदेश. इतरांना जिथे राज्य संपलेले दिसते, तिथूनच त्याचा महाराष्ट्र सुरू होतो.

२/ पुरावा म्हणून तो नवापूरचे रेल्वे स्थानक दाखवतो. स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. फलाटावरील एक बाकडेही दोन राज्यांत विभागलेले. रूळ जुने, सीमा १ मे १९६० ची.

३/ ही वाट रुळांहूनही जुनी. १३४२ साली दिल्लीहून निघालेला इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना नंदुरबारला आला होता. पुढे सुरत-बुऱ्हाणपूरचा व्यापारी मार्ग येथूनच जाई. त्याच्याही कितीतरी आधी, तापीकाठच्या प्रकाशे येथे ताम्रपाषाणयुगीन वस्ती होती. १९५५ च्या सुमारास उत्खननात तिचे अवशेष सापडले.

४/ व्यापाराने गुजराती कुटुंबे येथे स्थिरावली. अशाच एका घरात २८ डिसेंबर १९२६ रोजी शिरीषकुमार मेहता जन्मला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी ‘चले जाव’च्या मिरवणुकीत तिरंगा हाती घेऊन तो पुढे होता. पोलिसांनी गोळीबार केला. तेव्हा त्याचे वय अवघे १५ वर्षांचे.

५/ त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास हेही हुतात्मा झाले. मेहता, शहा, वाणी, केतकर ही आडनावे एकाच स्मारकाशी जोडलेली आहेत. मिरवणुकीतील घोषणा गुजरातीतही होत्या. यातले कोण कुठल्या राज्याचे, हा प्रश्न तेव्हा जन्मलाच नव्हता.

६/ परंतु केवळ शहर म्हणजे जिल्हा नव्हे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिली, पावरी, मावची, अहिराणी अशा बोली येथे नांदतात. काठीची राजवाडी होळी पाहण्यास सातपुड्यातील पाडेच्या पाडे रात्रभर डोंगर उतरून येतात.

७/ अभिमान सांगताना एक गोष्ट गाळता येत नाही. महाराष्ट्राला नर्मदेचा काठ लाभला तो याच जिल्ह्यात. आणि सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात गेलेली राज्यातील ३३ गावेही याच जिल्ह्यातील, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील. मणिबेली त्यांपैकीच एक. येथे सीमा जागच्या जागी राहिली, माणसांना मात्र गाव सोडावे लागले.

८/ म्हणून नंदुरबारकराने करून दिलेल्या ओळखीत तोरणमाळचे धुके येते, सारंगखेड्याचा घोडेबाजार येतो, शिरीषकुमारचे स्मारक येते आणि पाण्याखालची गावेही येतात. यातले एकही वगळले, तर तो सांगतो तो महाराष्ट्र अपुरा राहतो.