क्रोशाच्या सुईस अनावृत पत्र

प्रिय सुईबाई,

मायना काय लिहावा यावर बराच वेळ गेला. ‘चि.’ लिहावं तर तू माझ्या आजीच्या डब्यातली. ‘ती.’ लिहावं तर सध्या माझ्याच बोटांच्या धाकात आहेस. म्हणून नुसतं ‘प्रिय’.

५८ व्या वर्षी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा जो तो सल्ला देत होता. हास्यक्लबात या, अष्टविनायक करा, सोसायटीचे सेक्रेटरी व्हा. मी तुला हातात घेतलं. गणिताचा मास्तर क्रोशा विणतो म्हटल्यावर खालच्या कट्ट्याची चांगली करमणूक झाली. होऊ दे. त्यांना कुठे ठाऊक, की तुझ्याइतकं कडक गणित नववीच्या पुस्तकातही नाही!

साखळीचं कडं करायचं, त्यात १२ खांब घालायचे. पुढच्या फेरीला २४, त्यापुढे ३६. दर फेरीला बारा वाढवले की रुमाल टेबलावर सपाट बसतो. कमी वाढवले की कडा वर उचलतात आणि रुमालाची टोपी होते. जास्त वाढवले की झालर पडते. मुका खांब बुटका, म्हणून त्याला बाराऐवजी सहाच पुरतात. त्रिज्या वाढली की परीघ त्याच प्रमाणात वाढतो, एवढीच गोष्ट. फळ्यावर हीच सांगताना मागचा बाक जांभया द्यायचा. त्या बाकाला तेव्हा एकेक सुई वाटायला हवी होती.

आणि ही झालर म्हणजे साधी चीज नव्हे. दर फेरीला ठरावीक पटीनं टाके वाढवत गेलं तर जे तयार होतं त्याला अपास्तीय (हायपरबोलिक) पृष्ठभाग म्हणतात. विल्यम थर्स्टननी १९७० च्या दशकात त्याची कागदी प्रतिकृती केली होती, पण कागद तो, हाताळला की फाटायचा. १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना तायमिन्या या मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी ती तुझ्याकडून विणून घेतली. रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा जाते, असं आम्ही शाळेत शिकवलं. त्या विणलेल्या झालरीवर घड्या घालून दाखवता येतं, की इथे अशा कितीतरी जातात.

तुझा दुसरा गुण म्हणजे तू एका वेळी एकच टाका सांभाळतेस. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर टांगलेली असते. एक घर सुटलं की ते खालपर्यंत धावत जातं. तुझ्यापाशी कुकरची शिट्टी झाली की निवांत उठता येतं. फेरी बिघडली तर दोरा ओढायचा, सगळं परत गुंड्यात. स्मरणशक्तीला चांगलं असतं हो, असं कुणी म्हणालं की मी मान डोलावतो. खरं तर मला मोजायला मजा येते. काळा दोरा मात्र रात्री घेत नाही. मोतीबिंदू काढला तरी काळ्यावरचा टाका दिसत नाही तो नाहीच.

आता मुद्द्याचं. स्वेटर विणायची यंत्रं कधीच आली, पण खरा क्रोशा कारखान्यातल्या यंत्रांना अजून जमलेला नाही. यंत्रावरची जाळी लांबून क्रोशासारखी दिसते, वीण निराळी असते. म्हणजे दुकानात स्वस्तात टांगलेला खऱ्या क्रोशाचा टॉप कुणाच्या तरी हातचा असतो. त्या हाताला काय मिळालं असेल?

आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस विणायला शिकवली आणि ती लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या विणणाऱ्या बायकांवर १९८२ साली पुस्तक लिहिलं. घरकाम उरकून तासन्‌तास विणणाऱ्या या बायकांना कामगार कुणी मानतच नव्हतं. घरबसल्या बाईचा फावला वेळ, म्हणून मजुरी चिमूटभर.

फावला वेळ! आम्हा पेन्शनरांकडे तो पोत्यानं आहे, आणि तिथेच घोळ होतो. दिवाळीच्या प्रदर्शनात आमच्यातली हौशी मंडळी टेबल मांडतात. महिनाभर विणलेल्या टेबलक्लॉथची किंमत काय, तर सुताचे पैसे आणि वर पन्नास रुपये. ‘आपल्या वेळेचे कसले पैसे घ्यायचे?’ असं वर कौतुकानं सांगतात. शेजारच्या टेबलावर जिचं घर याच सुईवर चालतं अशी बाई बसलेली असते. गिऱ्हाईक तिला सुनावतं, ‘तिकडे तर निम्म्यात मिळतोय.’ ती काय बोलणार? आमच्या खात्यात एक तारखेला पेन्शन जमा होते, तिच्या नाही.

मला ‘तुम्ही का विकत नाही?’ असं विचारतात, त्याचं कारण हे. माझी टोपडी नातेवाइकांच्या बाळांना जातात, तोरणं ज्यांनी मागितली त्यांना, एक शाल आमच्या वॉचमनच्या आईला गेली. फुकट दिलेल्या वस्तूनं बाजारभाव पडत नाही, पडेल भावात विकलेल्या वस्तूनं पडतो.

म्हणून तुझ्यामार्फत माझ्या समवयस्कांना विनंती. यंदा टेबल मांडाल तेव्हा सुताच्या पावतीबरोबर हाताचे तासही किमतीत धरा. तेवढी किंमत सांगताना जीभ अडखळत असेल तर ती वस्तू विकू नका, कुणाला तरी देऊन टाका.

तुझा,
एक निवृत्त गणितमास्तर